मोजे, टोपी आणि एका धाग्याचा प्रवास

विणकामाचा छंद असला की नव्या गावात पावले आपोआप लोकरीच्या दुकानाकडे वळतात. मध्यंतरी अशाच एका दुकानात मी पांढऱ्या सुती दोऱ्याचे गुंडे निवडत होतो. नमाजाच्या टोप्यांसाठी हवे होते. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर बाईंनी कौतुकाने विचारले, "तुमच्यात हे विणकाम कुठून आलं हो? आमच्या आजीला तर मिशनच्या शाळेतल्या मडमेनं शिकवलं होतं."

प्रश्नात खोच नव्हती, पण तो डोक्यातून जाईना. 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' ही वाटणी धाग्याच्या इतिहासात कितपत टिकते?

आधी एक घोळ दूर करू. मराठीत कापडही विणतात आणि स्वेटरही विणतात. पण मागावर उभा आणि आडवा असे दोन धागे लागतात. सुयांवर मात्र एकच धागा फासातून फास काढत पुढे जातो. मोमीन-अन्सारींच्या मागाबद्दल आपल्याकडे बरेच लिहिले गेले, या दुसऱ्या कलेबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

दोन सुयांच्या विणकामाचे सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे नमुने मिळाले ते इजिप्तमध्ये. त्याआधीचे, रोमन काळातले लोकरीचे मोजेही तिथे सापडले आहेत. पण ते एकाच सुईने, वेगळ्या पद्धतीने केलेले आहेत. खरे विणलेले सुती मोजे साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले, म्हणजे फातिमी ते ममलूक राजवटींच्या काळातले. पांढरे सूत आणि निळीत रंगवलेले सूत यांची नक्षी, काहींवर कुफी लिपीच्या वळणाची वेलबुट्टी. सुरुवात पायाच्या बोटांकडून, शेवट वर पोटरीकडे. आजही अनेक जण मोजे याच पद्धतीने विणतात.

पायमोज्यांना मुस्लिम जीवनात तसेही स्थान आहे. वुजू करताना मोज्यांवर मसह केव्हा चालतो, चामड्याचेच हवेत की जाड विणलेले चालतील, यावर फिकहच्या ग्रंथांत मोठी चर्चा आहे. अरबीत त्यांना 'जौरब' म्हणतात. आपला 'मोजा' फारसीतल्या 'मोजा'वरून मराठीत आला आणि इतका मुरला की तो परका वाटत नाही.

इजिप्तनंतरचा ठळक पुरावा स्पेनमध्ये आहे. कॅस्टिलचा राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा 1275 साली वारला. बुर्गोसजवळच्या लास उएल्गास मठातील त्याच्या कबरीत रेशमी विणकामाची उशी मिळाली. टाके इतके बारीक की एका इंचात वीसच्या आसपास बसतात. तिच्यावर कुफी अक्षरांत 'बरकत' या अर्थाचा अरबी शब्द विणला आहे. त्याचे आजोबा फर्नांदो तिसरे यांनी 1236 मध्ये कुर्तुबा आणि 1248 मध्ये इशबीलिया (सेव्हिल) मुसलमानांकडून जिंकले होते. त्याच घराण्याच्या वारसाचे डोके मात्र अखेरीस मुस्लिम कारागिराच्या उशीवर विसावले.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. 1609 ते 1614 या काळात स्पेनने बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही, मोरिस्कोंनाही, देशाबाहेर काढले. माणसे गेली, हुन्नर राहिले. तोवर युरोपभर मोजे विणले जात होते. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने 1589 मध्ये मोजे विणण्याचे यंत्रही बनवले होते.

क्रोशाची गोष्ट वेगळी. एका आकड्याने करायची ही कला एकोणिसाव्या शतकात युरोपात फोफावली. आयर्लंडच्या दुष्काळात हजारो बायकांना तिने घास दिला. मिशनरींनी ती भारतात आणली; आंध्रातल्या नरसापूरचा लेस उद्योग त्यांच्यापासूनच सुरू झाला. म्हणजे त्या बाईंच्या आजीची मडम खरीच होती, आणि माझ्या टोपीचा क्रोशाही बहुधा तिच्याच वाटेने आला.

नरसापूरच्या कारागीर बायकांवर मारिया मीस यांनी 1982 मध्ये पुस्तक लिहिले. त्यांची लेस परदेशी बाजारात विकली जाते, पण त्यांना कामगार मानतच नाहीत. 'घरी बसून फावल्या वेळात करतात' एवढेच म्हटले जाते. टोप्या विणणाऱ्या आपल्या बायकांची तरी काय वेगळी गत आहे? अस्सल क्रोशा यंत्रावर होत नाही. प्रत्येक टाका हातानेच घालावा लागतो. तरीही मशिदीबाहेर आपण टोपीसाठी घासाघीस करतो आणि ती कुणी विणली हे विचारत नाही. इजिप्तच्या मोज्यांवर आणि बुर्गोसच्या उशीवरही करणाऱ्याचे नाव नाहीच.

त्या दिवशी बाईंना एवढेच म्हणालो, "बहुतेक तुमच्या आजीच्या मडमेकडूनच आलं." त्या हसल्या. मग सांगितले, "पण मडमेच्या सुयांचा माग काढला, तर तो कैरोपर्यंत जातो." त्यांनी माझ्या हातातला गुंडा घेऊन दोऱ्याचा पीळ पाहिला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "यांना जरा बारीक दाखवा, टोपीला हा जाड होईल."