घट्ट पुंगळीची कुळकथा

गोळी नळीतून निघून जाते. मागे उरते पितळेची पुंगळी. काडतुसातला सर्वांत महाग भाग हाच. म्हणून अमेरिकेत नेमबाजीच्या मैदानावर फैरी थांबल्या की माणसे वाकून पुंगळ्या वेचताना दिसतात. घरी नेऊन जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टोपी, काढायचा, पुंगळी आवळून मूळ मापावर आणायची, नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवायची की काडतूस पुन्हा तयार.

याचे मूळ 1866 सालात आहे. त्या वर्षी अमेरिकन हायरम बर्डन आणि वुलिचच्या शस्त्रागारातले इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर या दोघांनी बुडाच्या मध्यभागी प्रायमर असलेली आपापली काडतुसे आणली. बॉक्सरच्या रचनेत पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक असते, त्यातून सळई घालून जळका प्रायमर सहज ढकलता येतो. बर्डनच्या रचनेत बाजूला दोन बारीक भोके, त्यामुळे हे काम जिकिरीचे. गंमत अशी की अमेरिकेने इंग्रजाची रचना उचलली आणि युरोपातल्या फौजांनी अमेरिकनाची. पुनर्भरणाचा छंद अमेरिकेत फोफावला त्याला हेही एक कारण. 1870 च्या दशकात गव्यांची शिकार करणारे तर रात्री तळावर बसून दुसऱ्या दिवसाची काडतुसे भरत.

1884 मध्ये कनेटिकटमधल्या न्यू हेवनला जॉन बार्लो यांनी आयडियल कंपनी काढली आणि चिमट्यासारखी हातातली अवजारे विकायला सुरुवात केली. पुढे हा धंदा मार्लिनकडे आणि 1925 मध्ये लायमनकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांची टंचाई झाली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत गोळ्या घडवणारे साचे बनवू लागले. 1943 ची ही सुरुवात म्हणजेच आजची आरसीबीएस. हातातल्या चिमट्याची जागा टेबलावरच्या प्रेसने घेतली. पाऊण इंचाहून थोड्या जाड, म्हणजे 7/8 इंच व्यासाच्या आणि इंचाला 14 आटे असलेल्या डायचे, म्हणजे पुंगळी आवळणाऱ्या साच्याचे, माप रूढ झाले. आजही एका कंपनीची डाय दुसरीच्या प्रेसमध्ये बसते ती त्यामुळेच.

पोलादी डायमध्ये पुंगळी घालण्यापूर्वी तिला वंगण चोळावे लागे आणि नंतर पुसावे लागे. ही कटकट टंगस्टन कार्बाइडने संपवली. जर्मनीच्या क्रुप कंपनीने 1926 मध्ये ‘विडिया’ या नावाने बाजारात आणलेला हा अतिकठीण पदार्थ पुढे पिस्तुलाच्या डायच्या तोंडाशी बांगडीसारखा बसवला गेला. कोरडी पुंगळी त्यातून सरकते.

पण पितळ हट्टी असते. तांबे 70 टक्के आणि जस्त 30 टक्के अशा या मिश्रधातूला दाबले की ते दबते आणि दाब काढताच थोडे परत फुगते. आतला ताण मात्र कायम राहतो. त्याचा धडा ब्रिटिशांना हिंदुस्थानातच मिळाला होता. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळेत दडलेला ताण यांचा तो संगनमताने केलेला उद्योग होता, हे 1921 मध्ये तीन इंग्रज संशोधकांनी उलगडले. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना 1869 पासून आहे; पितळ तापवून त्यातला ताण उतरवणे ही अशा कारखान्यांतली नित्याची गोष्ट. घरच्या टेबलावर पिस्तुलाच्या पुंगळ्या भरणारा सहसा ते करत नाही.

मैदानावर वेचलेल्या पुंगळ्या दहा कंपन्यांच्या असतात. कुणाची भिंत जाड, कुणाची पातळ. नेहमीच्या डायमधून काढली तरी पातळ पुंगळी गोळीला घट्ट धरत नाही. पिस्तुलात काडतूस वर सरकताना गोळीचे नाक नळीकडे जाणाऱ्या उतारावर आपटते आणि ती आत ढकलली जाते. दारूला जागा कमी उरली की दाब झपाट्याने चढतो.

1990 मध्ये .40 एस अँड डब्ल्यू हे काडतूस आले, पोलीस दलांनी ते उचलले आणि मैदानांवर त्याच्या पुंगळ्यांचा सडा पडला. सुरुवातीच्या ग्लॉक पिस्तुलांत चेंबरचा, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेचा, खालचा भाग काहीसा उघडा असल्याने या पुंगळ्या बुडाजवळ फुगलेल्या असत. स्पर्धेतल्या पिस्तुलांची चेंबर घट्ट. तिथे त्या अडकू लागल्या.

त्यावरचा उपाय पेनसिल्व्हेनियातल्या ईजीडब्ल्यू या कंपनीने ली प्रिसिजनकडून बनवून घेतला: नेहमीपेक्षा हजारांश इंचाने, म्हणजे जेमतेम 0.025 मिलिमीटरने लहान असलेली डाय. तिच्या तोंडाची गोलाईही कमी, त्यामुळे ती पुंगळीला अगदी बुडाजवळपर्यंत आवळते. नेमबाज तिला ‘यू-डाय’ म्हणतात. गोळीच्या जागी पुंगळी जाड आणि खाली बारीक दिसली की या डायची करामत ओळखावी.

फुकट मात्र काही मिळत नाही. जास्त आवळल्याने पितळ लवकर थकते आणि तोंडाशी तडकते. मऊ शिशाची गोळी घट्ट पुंगळीत दबून बारीक होते. मग ती नळीला नीट चिकटून जात नाही आणि नळीत शिसे साचते. 9 मिलिमीटरची पुंगळी तोंडाशी 9.65 आणि बुडाशी 9.93 मिलिमीटर, म्हणजे मुळातच निमुळती. तिला एकाच मापाच्या कड्यातून काढणे हीच आधीपासूनची तडजोड होती. लहान डाय ती आणखी ताणते. सरमिसळ पुंगळ्या वेचणाऱ्या स्पर्धकाला ही डाय उपयोगाची आहे. एकाच पिस्तुलातून सुटलेल्या आपल्याच पुंगळ्या भरणाऱ्याने तिच्यावर पैसे घालू नयेत.