वस्तऱ्याची धार

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर कोवलम नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्हने येथील किल्ला फ्रेंचांकडून जिंकून घेतला, एवढ्यापुरतेच हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत डोकावते. चोळमंडळाच्या किनाऱ्याचा इतिहास असा बहुधा तलवारीच्या धारेने लिहिला गेला आहे. परंतु या मुलखाचा आणखी एका धारेशी संबंध आहे, आणि तिची दखल सहसा कोणी घेत नाही. ती धार वस्तऱ्याची होय.

वस्तऱ्याला धार येते ती तीन गोष्टींच्या योगाने: उत्तम पोलाद, उत्तम दगड आणि शिकलेला हात. पैकी पोलादाची कीर्ती दक्षिणेत फार जुनी. येथील लोहार घडीव लोखंडाचे तुकडे आणि लाकडाच्या कपच्या मातीच्या मुशीत कोंडून ती भट्टीत तापवीत. लाकडातील कार्बन लोखंडात मुरे आणि त्याचे कठीण पोलाद बने. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांचा त्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. 'वूट्झ' या नावाने तिकडे ओळखल्या जाणाऱ्या या पोलादाचे गुपित उकलण्याच्या प्रयत्नात, जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रक्रियेची हत्यारे घडविणारा कारागीर आणि मायकेल फॅरडे यांनी नाना मिश्रधातू करून पाहिले. त्यांचे निबंध १८२० व १८२२ साली बाहेर पडले. रुप्याचा किंचित अंश असलेले पोलाद हे त्याच प्रयोगांचे फळ. पुढे शेफील्डच्या कित्येक वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' ही अक्षरे झळकू लागली. शेफील्डने सारे आपल्याकडूनच नेले, असे मात्र म्हणता येणार नाही. मुशीतले पोलाद तेथे बेंजामिन हंट्समनने १७४० च्या सुमारास स्वतंत्रपणे सिद्ध केले होते.

कोवलमच्या किनाऱ्याने आणखी दक्षिणेस गेले असता परंगीपेट्टै लागते. इंग्रज त्याला पोर्टो नोव्हो म्हणत. कंपनीच्या मुलकी सेवेतील जोसाया हीथ याने १८३० च्या सुमारास तेथे लोखंडाचा कारखाना काढला. तो चालला नाही. पण पोलादात मँगनीज घालण्याची जी युक्ती हीथने १८३९ साली नोंदविली, तिने शेफील्डचे पोलाद स्वस्त व सुधारलेले झाले. हक्काचे पैसे चुकविण्याची पळवाट तेथील कारखानदारांनी शोधली. दावा वर्षानुवर्षे चालला, आणि हीथच्या मृत्यूनंतर १८५५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या विरुद्ध निकाल दिला.

दगडाची कथा अशीच आहे. हिऱ्याखालोखाल कठीण असा कुरुंद सेलम व म्हैसूर भागांत सापडतो. त्याची भुकटी धार लावण्यास व रत्ने घासण्यास आपल्याकडे पूर्वापार वापरीत. चार्ल्स ग्रेव्हिलने १७९८ साली त्यावर निबंध लिहिला. शास्त्राच्या परिभाषेतील 'कोरंडम' म्हणजे आपला कुरुंदच.

पोलादावर आणि दगडावर निबंध लिहिले गेले. हातावर कोणी लिहिले नाही. ती विद्या न्हाव्याच्या धोकटीत राहिली. वस्तरा सहाणेवर असा ठेवावयाचा की, धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकतील. पाठीची जाडीच धारेचा कोन राखते. सहाणेवर धार पुढे चालते; चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे, नाही तर पट्टा कापला जाऊन धारही जाते. हाताचा जोर मुळीच नको. मग केस पाण्याने मऊ करून, कातडी ताणून, पाते थोडे कलते धरून केसांच्या रोखाने फिरवावयाचे. 'बिनपाण्याने हजामत' हा वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही. बाप मुलाला हे शब्दांनी शिकवीत नसे. मुलगा पाहून पाहून शिके.

या हातामागे मनही होते, याची साक्ष १८९० साली मुंबईने पाहिली. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तेथील नाभिक एकत्र आले, आणि विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालविणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. ज्यांच्या विद्येला समाजाने कधी विद्या म्हटले नाही, त्यांनी ती कोठे वापरावयाची नाही हे समाजाला सांगितले. केशवपनाची रूढी एका दिवसात गेली नाही. पण तिला हत्यार पुरविणारा हात मागे सरला.

१९०३ साली अमेरिकेत जिलेटचे बदलत्या पात्याचे यंत्र विक्रीस आले, आणि हळूहळू धार लावण्याची गरजच सरली. पुढे रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांच्या भयाने केशकर्तनालयांतूनही जुना वस्तरा गेला व दर गिऱ्हाइकास नवे पाते आले. ते योग्यच झाले. आता काही हौशी लोक शेफील्डचे जुने वस्तरे मिळवून त्यांना धार लावावयास नव्याने शिकत आहेत. पात्यावरील गावाचे नाव ते कौतुकाने वाचतात. परंतु ज्या अनाम लोहारांनी, खाणकऱ्यांनी आणि न्हाव्यांनी धारेची विद्या आपल्याकडे जतन केली, त्यांची नावे कोणत्याही पात्यावर कोरलेली नाहीत. ती आठवणे इतिहासाचे काम आहे.