आठवड्याचें घर

श्रोतेहो, आज ज्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत तो वरकरणी सुटीचा, पण वस्तुतः हिशेबाचा आहे. मी एक मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सेवानिवृत्त शाळामास्तर. वय वर्षें ६६. कांहीं काळापूर्वीं पुण्यांतील एका मोठ्या हॉटेलांतून आम्हांस निरोप आला, ‘आपली निवड झाली आहे, सपत्नीक भोजनास यावें.’ फुकट तें पौष्टिक ह्या न्यायानें आम्ही उभयतां गेलों. भोजनापूर्वीं तब्बल तीन तास एका अत्यंत नम्र तरुणानें आम्हांस थंड हवेच्या ठिकाणांचीं रंगीत चित्रें दाखविलीं. प्रस्ताव असा होता कीं, आज चार लाख रुपये भरावे आणि पुढें २५ वर्षें, दरसाल सात दिवस, हक्कानें जाऊन राहावें. मीं म्हटलें, ‘करारनामा घरीं नेऊन वाचतों.’ तो म्हणाला, ‘काका, ही सवलत आजच्यापुरतीच आहे.’

मीं सही केली नाहीं. परंतु परत येतांना सौभाग्यवतीचा चेहरा उतरलेला होता. एवढ्या वर्षांच्या संसारांत लग्नमुंजींखेरीज आम्ही फारसे कोठें गेलों नव्हतों. तेव्हां नुसतें ‘नको’ म्हणून भागण्यासारखें नव्हतें. कारणें देणें भाग होतें. म्हणून जन्मभराच्या संवयीप्रमाणें ह्या व्यवहाराचा इतिहास शोधूं लागलों. इंग्रजींत ह्याला टाइमशेअर म्हणतात, म्हणजे काळाचा वांटा. ह्या वांट्याची कथा मला मोठी बोधप्रद वाटली, आणि तीच आज आपणांसमोर ठेवीत आहें.

एका वस्तूचे अनेक धनी असावे आणि वांटणी जागेची नव्हे तर काळाची व्हावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. एका विहिरीवर चार भाऊबंदांचा हक्क असला म्हणजे पाण्याच्या पाळ्या ठरतात. कित्येक देवस्थानांत पुजाऱ्यांच्या घराण्यांमध्यें सेवेच्या पाळ्या चालत आल्या आहेत. पण तेथें सारे वांटेकरी एकमेकांचे शेजारी असतात, आणि पाळी चुकली तर पीक वाळतें. म्हणून पाळी कोणी विसरत नाहीं. तरीसुद्धां ‘भागीचें घोडें किवणानें मेलें’ ही म्हण आपल्याच लोकांनीं केली. जी वस्तु सर्वांची, तिची निगा कोणाचीच नाहीं, हा तिचा अर्थ. सुटीच्या घराचे वांटे पाडूं लागल्यावर युरोपांतील लोकांपुढें हाच प्रश्न उभा राहिला, आणि त्यावर त्यांनीं काढलेला तोडगा म्हणजेच वार्षिक देखभाल-शुल्क. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें हिशेबांत तिचें काम पडणार आहे.

आधुनिक टाइमशेअरचा उगम सामान्यतः स्वित्झर्लंडमध्यें मानतात. १९६३ सालीं तेथें हापीमाग नांवाची कंपनी स्थापन झाली. तिनें सुटीचीं घरें स्वतःच्या मालकीचीं ठेविलीं आणि लोकांना कंपनीचे भाग विकले. भागधारकाला दरसाल कांहीं गुण मिळत, आणि ते खर्चून त्यानें कंपनीच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या घरांत राहावें, अशी व्यवस्था होती. पुढें १९६७ च्या सुमारास फ्रान्समधील आल्प्स पर्वतांत, सुपरदेवोलुई ह्या बर्फावरील खेळांच्या गांवीं, एका बांधकाम-कंपनीनें घराचे आठवडे पाडून विकावयास आरंभ केला. दरसाल हॉटेलची खोली भाड्यानें कशाला घेतां, हॉटेलच विकत घ्या, तें स्वस्त पडेल, असा त्या जाहिरातीचा आशय होता. हा मुद्दा तेव्हां खोटा नव्हता. बर्फाचा हंगाम थोडा, खोल्या मोजक्या आणि गिऱ्हाईक दरसाल तेंच! अशा मनुष्याला आपला आठवडा पक्का असणें खरोखरच मोलाचें होतें. येथवर गरज गिऱ्हाइकाची होती.

अमेरिकेंत मात्र चित्र पालटलें. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेलाची नाकेबंदी केली, पेट्रोल महागलें, मंदी आली. फ्लोरिडाच्या समुद्रकांठीं बांधलेल्या सदनिका गिऱ्हाइकाविना पडून राहिल्या. कर्जाचें व्याज तर थांबत नव्हतें. तेव्हां बांधणाऱ्यांनीं युरोपची युक्ति उचलली. सबंध सदनिका घेणारा मिळत नसेल तर ती आठवड्याआठवड्यानें विकावी. वर्षाचे आठवडे ५२. एकदोन डागडुजीसाठीं राखून ठेवले तरी एका सदनिकेचे ५० धनी होतात, आणि त्यांच्या पैशांची बेरीज सदनिकेच्या किमतीहून कितीतरी अधिक भरते. आतां गरज गिऱ्हाइकाची नव्हती, विकणाऱ्याची होती. माझ्या मतें ह्या इतिहासांतील खरें वळण हेंच.

आठवडा विकत घेतलेल्या माणसाचा कंटाळा ही पुढची अडचण. त्याच गांवीं, त्याच खोलींत, त्याच आठवड्यांत किती वर्षें जावें? १९७४ सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस शहरीं जॉन व क्रिस्टेल डिहान ह्या दांपत्यानें आर. सी. आय. ही संस्था काढली. आपला आठवडा तिच्याकडे जमा करावा आणि बदल्यांत दुसऱ्या गांवचा आठवडा घ्यावा. दोन वर्षांनीं, १९७६ मध्यें, इंटरव्हल इंटरनॅशनल ही दुसरी संस्था निघाली. अदलाबदलीची सोय होतांच ह्या धंद्याला पंख फुटले. १९८४ सालीं मॅरियट आणि १९९१ सालीं डिस्ने अशीं बलाढ्य नांवें त्यांत उतरलीं. व्यवस्था सुधारली, इमारती सुधारल्या. पण अदलाबदलीचा नियम बाजाराचाच असतो. ज्याचा आठवडा सर्वांना हवा, त्यालाच हवा तो आठवडा मिळतो. भर पावसाळ्यांतला आठवडा देऊन कोणी दिवाळीचा मागूं लागला, तर त्याला कोण देणार?

आतां कायद्याकडे वळूं. विक्रीच्या दडपणाविषयीं तक्रारी वाढल्या तसे निरनिराळ्या देशांनीं कायदे केले. फ्लोरिडानें १९८१ सालीं ह्या व्यवहाराचा स्वतंत्र कायदा केला. ब्रिटनचा कायदा १९९२ चा. त्यानें गिऱ्हाइकाला १४ दिवसांत करार मोडण्याची मुभा दिली. युरोपीय संघानें १९९४ मध्यें निदान १० दिवसांची मुदत आणि त्या मुदतींत आगाऊ पैसे घेण्यास बंदी असा आदेश काढला. २००९ च्या नव्या आदेशानें ही मुदत १४ दिवसांची झाली. स्पेननें १९९८ च्या कायद्यानें अशा हक्काची मर्यादा ५० वर्षें ठरविली, आणि कायमचे म्हणून केलेले नंतरचे करार तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं निरर्थक ठरविले.

हे कायदे वाचतांना एक गोष्ट माझ्या मनांत ठसली. त्यांतील मुख्य उपाय कोणता? किंमत ठरवून देणें नव्हे, इमारती तपासणेंहि नव्हे. मुख्य उपाय एकच, गिऱ्हाइकाला वेळ देणें! आरंभीं विचाराला १० किंवा १४ दिवस, आणि शेवटीं सुटण्याला एक निश्चित वर्ष. ज्या धंद्यांत काळ विकावयाचा, त्याच धंद्यांत गिऱ्हाइकाला विचारापुरता काळ मिळावा म्हणून देशोदेशींच्या विधिमंडळांना कायदे करावे लागले. ‘आजच्यापुरतीच सवलत’ हे शब्द मला हॉटेलांत ऐकूं आले तेव्हां हा इतिहास मला ठाऊक नव्हता. तरी पोटांत कोठेंतरी खटकलें होतें तें हेंच.

आपल्या देशांत हा व्यवहार १९८० नंतरच्या दशकांत रुजला. स्टर्लिंग ही कंपनी १९८६ ची. महिंद्र उद्योगसमूहानें १९९६ सालीं ह्या धंद्यासाठीं निराळी कंपनी स्थापिली आणि केरळांतील मुन्नार येथें पहिलें विश्रामस्थान उघडलें. आपल्याकडे बहुधा घराची मालकी विकली जात नाहीं. ठराविक वर्षांचें सभासदत्व विकलें जातें. २५ वर्षें, दरसाल सात दिवस, ही त्यांतील नेहमींची पद्धत. वर्षाचे हंगाम पाडून त्यांना रंगांचीं नांवें देतात. गर्दीच्या हंगामाचा रंग महाग, ओसाड हंगामाचा स्वस्त. ह्या व्यवहारापुरता स्वतंत्र कायदा आपल्याकडे झालेला नाहीं. म्हणून माघारीची मुदत करारांत लिहिली असेल तेवढीच मिळते. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागतां येते, आणि आपण राहतों तेथील आयोगाकडे तक्रार करतां येते, हें प्रत्येक गृहस्थाला ठाऊक असावें.

आतां हिशेब. आंकडे उदाहरणापुरते धरले आहेत. आपण आपले घालावे. तो तरुण म्हणाला होता, ‘चार लाखांना पंचवीसांनीं भागा. वर्षाला १६,००० रुपये. सात रात्रींनीं भागा, रात्रीला २,३०० सुद्धां नाहींत. बाहेर हीच खोली ६,००० रुपयांना आहे.’ भागाकार बिनचूक होता. पण गणित अपुरें होतें. पहिली उणीव व्याजाची. चार लाख रुपये सहा टक्क्यांनीं बँकेंत ठेवून पंचवीस वर्षांत मुद्दलासकट सारख्या हप्त्यांनीं काढून घेतले, तर दरसाल सुमारें ३१,३०० रुपये हातीं येतात. म्हणजे खरा वार्षिक खर्च १६,००० नसून ३१,३०० आहे. दुसरी उणीव देखभाल-शुल्काची. तें १५,००० धरलें, तर पहिल्या वर्षाची बेरीज ४६,३००, आणि रात्रीला सुमारें ६,६०० रुपये. तेंहि सातही रात्री राहिलों तर. पांचच रात्री राहिलों, तर ९,२६०. शिवाय आपण गेलों नाहीं तरी शुल्क चुकत नाहीं, आणि तें वाढतहि जातें. दरसाल पांच टक्क्यांनीं वाढलें, तर पंधरा वर्षांत दुपटीहून अधिक होतें.

न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. हॉटेलांचीं भाडींहि वाढतात, आणि आगाऊ भरलेले चार लाख वाढत नाहींत. भाडें व शुल्क दोन्ही पांच टक्क्यांनीं वाढतात असें धरून मीं सबंध पंचवीस वर्षांचा ताळा केला. तेव्हां असें दिसलें कीं, जो गृहस्थ दरसाल, न चुकतां, जवळजवळ सहा रात्री राहील त्याची बरोबरी होईल. सातही रात्री राहील त्याला कांहीं फायदा होईल. आणि चारपांच रात्रींवर थांबेल त्याला तोटा होईल. तेव्हां प्रश्न खोली चांगली आहे कीं वाईट हा नाहीं. पुढील पंचवीस वर्षें आपण किती नियमित असणार, हा खरा प्रश्न आहे. मुलांच्या परीक्षा, वडील माणसांचीं आजारपणें, बदल्या, सारें सांभाळून ज्यांना आपल्या पसंतीच्या हंगामांत जातां येईल त्या कुटुंबानें जरूर विचार करावा. माझ्यासारख्यानें करूं नये. पंचवीस वर्षांनीं मी ९१ वर्षांचा होईन!

मध्येंच विकून टाकूं, असें कोणी म्हणेल. पण मूळ किमतीचा मोठा भाग जाहिरात आणि विक्री ह्यांतच खर्ची पडलेला असतो. तो दुसरा गिऱ्हाईक भरून देत नाहीं. अमेरिकेंत एक डॉलर किंमत लावूनहि आपले आठवडे खपत नाहींत असें पाहणारे लोक आहेत, कारण घेणाऱ्याच्या गळ्यांत वार्षिक शुल्क पडतें. ह्यावरून एक सोपी कसोटी मिळते. सही करण्यापूर्वीं हेंच सभासदत्व जुन्या सभासदाकडून काय किमतीला मिळतें त्याची चौकशी करावी. मागील पांच वर्षांत शुल्क किती वाढलें तें विचारावें. आपल्याला हवी ती तारीख व गांव मिळतें कीं नाहीं, हें दोनतीन सभासदांनाच विचारावें. आणि करार घरीं नेऊं देत नसतील, तर उठून यावें.

हा सारा हिशेब मीं सौभाग्यवतीला वाचून दाखविला. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, ‘अहो, गणित तुमचें बरोबर असेल. पण पैसे आधीं भरल्यावांचून तुम्ही कधीं घराबाहेर पडाल का?’ श्रोतेहो, ह्या प्रश्नाला माझ्या वहींत उत्तर नव्हतें. टाइमशेअर घेणाऱ्या पुष्कळ भल्या माणसांचें खरें कारण हेंच असतें. तीं खोली विकत घेत नाहींत. स्वतःवर सक्ति विकत घेतात. सुटी आज ना उद्यां घेऊं म्हणतां म्हणतां आयुष्य सरतें, हें त्यांना कळलेलें असतें.

शेवटीं आम्हीं तोड काढली. चार लाख रुपये बँकेंत निराळ्या खात्यावर ठेविले. सहा टक्क्यांनीं त्याचें वर्षाचें व्याज २४,००० रुपये होतें. त्या व्याजाला घरखर्चासाठीं हात लावावयाचा नाहीं, असें मीं तिला वचन दिलें. ६,००० रुपयांच्या खोलीच्या त्यांत बरोबर चार रात्री बसतात, आणि मुद्दल शाबूत राहतें. पुढें भाडीं वाढलीं तर चाराच्या तीन रात्री होतील, हेंहि तिला सांगितलें आहे. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही महाबळेश्वरीं चार रात्री राहून आलों. खात्याचें पुस्तक तिच्या कपाटांत असतें; पुढच्या वर्षीं कोठें जावयाचें हें तीच ठरविणार आहे.