भीमथडी घोडा

भीमथडी घोडा : दख्खनच्या माळरानावर घडलेली काटक देशी घोड्याची जात. ‘दख्खनी घोडा’ असेही म्हणतात. मूळ प्रदेश भीमा आणि तिच्या उपनद्यांचे खोरे. लोणावळ्याजवळ उगम पावून मावळातील वराळे-तळेगाव भागातून पुढे जाणारी इंद्रायणी भीमेलाच मिळते. परंतु मावळच्या चढणी आणि तिथला धो धो पाऊस या घोड्याला मानवत नाही. मावळ हा पायदळाचा मुलूख. घोड्याची भूमी त्याच्या पूर्वेला, शिरूर, दौंड, बारामतीकडील कोरड्या माळावर आहे.

महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने रानटी घोडा नाही. जगात आज तसा एकच, मंगोलियातील प्रझेवाल्स्की घोडा, मानला जातो. 1960 च्या दशकाअखेर तो रानातून नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत जगलेल्या वंशातून 1992 पासून पुन्हा माळावर सोडण्यात आला. भीमथडी पाळीव आहे, पण वर्षाचा मोठा काळ उघड्यावर चरत असल्याने गवताळ प्रदेशातील घोड्याचे जगणे त्याच्यात पाहायला मिळते.

घोडा रवंथ करत नाही. गवतातील तंतू त्याच्या मोठ्या आतड्यात जिवाणूंमुळे आंबून पचतात. गाय-म्हशीइतके सत्त्व त्याला एका घासातून काढता येत नाही. त्याऐवजी तो भराभर आणि भरपूर खातो. मोकळ्यावर सोडलेला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. दोन्ही जबड्यांत पुढचे दात असल्याने गवत अगदी मुळाशी कातरता येते. मारवेल, पवन्या, डोंगरी ही पावसाळ्यानंतरची चांगली गवते. कुसळी मात्र कोवळी असेपर्यंतच उपयोगी, कारण पिकल्यावर तिची कुसळे जनावराच्या तोंडात रुततात. उन्हाळ्यात वाळलेल्या भरड काड्यांवरही हा घोडा तगतो. हेच त्याचे मोठे बळ.

मोकळ्या कळपात एक वळू, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे असतात. वाट आणि पाण्याची जागा बहुधा अनुभवी घोडीच धरते. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि एकच शिंगरू देते. ते तासा-दोन तासांत उभे राहते, त्याच दिवशी आईमागे धावते. आडोसा नसलेल्या माळावर यावाचून गत्यंतर नसते.

बहमनी काळापासून पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून आलेल्या अरबी घोड्यांचा स्थानिक तट्टांशी संकर होऊन ही जात घडली असे मानतात. उंची सुमारे 130 सेंमी, खूर कठीण, अंगकाठी आटोपशीर. मराठ्यांच्या वेगवान घोडदळाला असाच घोडा हवा होता. फौजा दसऱ्याला निघत आणि पावसाळ्यात छावणीला परतत. घोड्यांसाठी गवताची कुरणे राखलेली असत. 1818 मध्ये मराठी सत्ता संपल्यावर घोडदळ मोडले आणि पैदाशीला आश्रयदाता उरला नाही.

जात तगली ती धनगरांमुळे. दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा (कळपासह कुटुंबांचा तांडा) चाऱ्याच्या शोधात निघतो तेव्हा घोंगड्या, भांडी, कोंबड्या, चालू न शकणारी कोकरे, कधी लहान मूलही घोडीच्या पाठीवर असते. मुक्कामाला ओझे उतरवून, पुढचे पाय सैल बांधून तिला चरायला सोडतात. तिच्या वेगळ्या चाऱ्याचा खर्च नाही, म्हणूनच ती मेंढपाळाला परवडते.

राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने (कर्नाल) या जातीची स्वतंत्र नोंद केली असून ती देशातील आठवी अधिकृत अश्वजात आहे. मात्र नोंदीने चारा उगवत नाही. सरकारी दप्तरात माळ अजूनही ‘पडीक’ गणला जातो. त्यावर कारखाने, ऊस आणि झाडांची सरसकट लागवड होते. शिवाय वाड्याचे सामान आता टेम्पोतून जाऊ लागले आहे. या घोड्याच्या संवर्धनात पैदास केंद्रापेक्षा चराऊ माळ आणि तिथवर जाणाऱ्या धनगरी वाटा मोकळ्या राखणे अधिक महत्त्वाचे आहे.