पवनीचे स्तूप आणि त्यांचे राखणदार

वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. गावाचा जुना तट, त्यालगतचा खंदक आणि नदीत उतरणारे दगडी घाट पाहून प्रवासी परततो आणि आपण पवनी पाहिली असे समजतो. परंतु त्याहून कितीतरी प्राचीन पवनी टेकड्यांच्या पोटात आहे. जगन्नाथ टेकडी, चांडकापूर टेकडी, हरदोलाला टेकडी ही त्यांची लोकांच्या तोंडची नावे. यांतील एकाही नावात तथागतांची आठवण उरलेली नाही. असे असूनही या टेकड्या म्हणजे स्तूप आहेत, आणि बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी त्यांच्यापुढे उभे राहून, आपण यांचे कोण लागतो, हा प्रश्न स्वतःस विचारावयास हवा.

नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० साली येथे संयुक्त उत्खनन केले. विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव आणि सर्वेक्षणाच्या वतीने श्री. जगतपती जोशी यांनी त्याची धुरा वाहिली व १९७२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जगन्नाथ टेकडीखाली निघालेल्या स्तूपाचा व्यास सुमारे चाळीस मीटर भरला. सांचीचा महास्तूप साडेछत्तीस मीटरांच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे विदर्भातील या स्तूपाची थोरवी कळून येते. स्तूपाची मूळ उभारणी मौर्यकाळापर्यंत मागे जाते. पुढे त्याचा विस्तार होऊन भोवती कोरीव स्तंभांची दगडी वेदिका उभी राहिली. सर्वेक्षणाने १९९४ साली श्री. अमरेंद्र नाथ यांच्या मार्गदर्शनाखाली पवनीत पुन्हा उत्खनन केले. त्याचा वृत्तान्त १९९८ साली प्रकाशित झाला आहे.

वेदिकेच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. एखाद्या राजाने खजिना मोकळा करून हा स्तूप बांधवला, असे हे लेख सांगत नाहीत. एकाने एक स्तंभ दिला, दुसऱ्याने एक आडवी सूची दिली, अशा वर्गणीतून हे काम उभे राहिले. विसमिता नावाच्या एका स्त्रीच्या दानलेखात, हे दान सर्व सत्त्वांच्या सुखाकरिता होवो, अशी इच्छा कोरलेली आहे. बौद्ध शिलालेखांच्या अभ्यासकांना या एका ओळीचे मोठे महत्त्व वाटते, कारण आपल्या पुण्याचा वाटा सर्व प्राणिमात्रांना देण्याची कल्पना सामान्य उपासकांत किती लवकर रुजली होती, याचा तो पुरावा होय. विसमिता कोणाची कन्या, कोणाची पत्नी, तिचा व्यवसाय कोणता, यांतले काहीच आपणांस ज्ञात नाही. तिचे नाव मात्र ज्ञात आहे. याउलट विसाव्या शतकातील उत्खननांचे अहवाल उघडून पाहावेत. संचालक, छायाचित्रकार, आरेखक यांची नावे त्यांत असतात. पण ज्या मजुरांच्या कुदळीने माती बाजूस सारली त्यांची नावे सहसा नसतात. ते मजूर जवळपासच्या खेड्यांतलेच असत. स्तूप बांधणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले आणि तो उघडणाऱ्याचे नाव दोन वर्षेही टिकले नाही, हे प्रस्तुत लेखकास फार बोचते.

पवनीचे कोरीव अवशेष नागपूर व दिल्ली येथील संग्रहालयांत पोहोचले. बोधिवृक्ष, रिकामे आसन आणि मुचलिन्द नागाचे अंकन असलेले तेथील शिल्प भारतीय कलेच्या इतिहासात सन्मानाने उल्लेखिले जाते. हे दगड उघड्यावर पडून झिजले असते किंवा चोरीस गेले असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि, पवनीच्या शाळेतील मुलाला आपल्या गावचा स्तंभ पाहण्यासाठी नागपूरचा ‘अजब बंगला’ किंवा थेट दिल्ली गाठावी लागते, ही व्यवस्था निसर्गनियमासारखी अटळही मानू नये.

या संदर्भात एक परदेशी उदाहरण उद्बोधक आहे. पवनीचे उत्खनन झाले त्याच सुमारास, १९७० साली, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ओझेट येथे वादळाने समुद्रकाठची दरड कापली आणि चिखलाखाली गाडलेली मका या आदिवासी जमातीची जुनी घरे उघडी पडली. जमातीच्या पंचायतीने स्वतःहून रिचर्ड डॉहर्टी या पुरातत्त्वज्ञास पाचारण केले. अकरा वर्षे उत्खनन चालले, जमातीचे तरुण त्यात शिकले, आणि निघालेल्या सुमारे ५५,००० वस्तू बाहेर न नेता जमातीच्या स्वतःच्या संग्रहालयात ठेवण्यात आल्या. ते संग्रहालय १९७९ साली उघडले. शास्त्रात तडजोड झाली नाही आणि मालकीतही नाही. आपल्याकडे असे का घडले नाही, याचे उत्तर केवळ शासनाच्या उदासीनतेत शोधणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. १९७० साली आपली धम्मदीक्षा अवघ्या चौदा वर्षांची होती. भाकरीचा आणि शिक्षणाचा प्रश्न अधिक तातडीचा होता. आता ती सबब पुरणार नाही.

आपल्या समाजाने उत्खनन हाती घेतल्याचे उदाहरण पवनीपासून फार दूर नाही. नागपूर जिल्ह्यात, रामटेकजवळ मनसर येथे, भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राने १९९८ पासून रीतसर परवान्याने मोठे उत्खनन करविले. संचालक होते अ. कु. शर्मा आणि तेच जगतपती जोशी, ज्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी पवनी खणली होती. पवनीत ते शासनाचे अधिकारी म्हणून आले होते. मनसरला बौद्धांच्या संस्थेने त्यांना बोलाविले. आचार्य नागार्जुनांचे स्थान शोधावे ही त्यामागील श्रद्धा होती, आणि श्रद्धेने शास्त्रज्ञास आमंत्रण द्यावे यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही.

पण माती आमंत्रणाप्रमाणे बोलत नाही. मनसरच्या हिडिंबा टेकडीवर ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरे असलेली मुद्रा सापडली. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचे शिवमंदिर व राजधानी प्रवरपूर येथेच असावी, असे मत बळावले. हान्स बॅकर यांनी २००८ साली संपादित केलेल्या ग्रंथात ते विस्ताराने मांडले आहे. उत्खनकांनी मात्र तेथील काही वास्तूंचा अर्थ बौद्ध स्तूप व विहार असा लावला. हा वाद येथे सोडविण्याचा प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाही. इतकेच म्हणावयाचे की, आपल्या पैशाने व आपल्या परवान्याने खणलेल्या भूमीतून शैव मुद्रा निघाली तर तीही आपणच जपली पाहिजे, छापली पाहिजे, अभ्यासकांपुढे ठेवली पाहिजे. बौद्धांच्या वास्तूंवर इतरांनी आपली नावे चढविली, ही आपली तक्रार खरी आहे. म्हणूनच तसे करण्याचा मोह आपण टाळावयास हवा.

हीच कसोटी नागांच्या प्रश्नास लावावी. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात, दीक्षेसाठी नागपूर का निवडले याचा खुलासा करताना बाबासाहेबांनी नाग लोकांनी भारतभर केलेल्या धम्मप्रसाराची आठवण दिली. पवनीतील मुचलिन्द नागाचे शिल्प, भार राजा भगदत्त याचा म. म. वा. वि. मिराशी यांनी वाचलेला लेख आणि भारशिव हे नाग होते ही इतिहासातील परंपरा, या सर्वांचा विचार केला म्हणजे बाबासाहेबांचे ते शब्द पवनीच्या मातीत उमटलेले दिसतात. तथापि मुचलिन्द हा बुद्धचरित्रातील नागराज आहे, पवनीच्या रहिवाशांची शिरगणती नव्हे. शिल्पावरून थेट वंशावळ काढता येत नाही. या स्तूपांवरील आपला हक्क रक्ताच्या पुराव्यावर उभा करण्याची गरजही नाही. विसमितेने ज्या धम्मासाठी दान दिले तो धम्म आपण स्वीकारला, एवढे नाते पुरेसे आहे.

जगन्नाथ टेकडीला नाव देणाऱ्या देवळाविषयी आपल्या सभांतून कधीकधी तीव्र भाषा ऐकू येते. बुद्धगयेशी तुलनाही केली जाते. ती तुलना योग्य नाही. बुद्धगयेत जिवंत पूजास्थानाच्या व्यवस्थापनाचा प्रश्न आहे. १९४९ च्या कायद्याने तेथील समितीत बौद्ध आणि हिंदू सभासद समसमान ठेवले आणि त्याविरुद्ध आजही आंदोलन चालू आहे. पवनीत मात्र स्तूप विस्मृतीत गेला होता, आणि टेकडीवर देवस्थान असल्यामुळेच तिच्यावर नांगर फिरला नसावा, असे मला वाटते. टेकडीवर जाणारे भाविक, गावातील विणकर कोष्टी, नदीवर जगणारे ढिवर यांना वगळून तिची राखण होणार नाही. रात्री कोणी विटा काढू लागला तर तो प्रथम त्यांनाच दिसेल.

पवनीनजीक रुयाड येथे जपानी बौद्धांच्या सहकार्याने उभारलेल्या महासमाधी भूमीच्या नव्या स्तूपावर दरवर्षी फेब्रुवारीत मोठा मेळावा भरतो. त्यांतील किती उपासक पुढे काही मैल जाऊन जुन्या टेकड्या पाहतात? नव्या स्तूपाच्या व्यासपीठावरून दानलेखांतील नावे वाचली गेली, त्यांचा मराठी अर्थ पत्रकाच्या रूपाने वाटला गेला, तर खर्च फारसा नाही. पवनीतच एक लहान संग्रहालय व्हावे आणि मूळ शिल्पे मिळेपर्यंत तेथे त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती ठेवाव्यात, ही मागणी त्याच व्यासपीठावरून करता येईल. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्या अस्थी लंडनहून परत आल्या आणि १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठापित झाल्या. तेथे स्मारक पुरातत्त्व खात्याकडे आणि अस्थी महाबोधी सोसायटीच्या विहारात अशी वाटणी आहे. पिप्रहवा येथील रत्ने २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगमध्ये लिलावात निघणार होती. जगभरातील बौद्धांनी आवाज उठविला, लिलाव थांबला आणि जुलैत ती भारतात परतली.

एक व्यावहारिक अडचण सांगणे आवश्यक आहे. नांगरताना कोरीव दगड किंवा नाण्यांचे गाडगे लागले की शेतकरी भितो. सरकार जमीन घेईल या शंकेने तो दगड पुन्हा मातीत लोटतो किंवा बांधावर टाकतो. १८७८ चा निखात निधी कायदा अद्याप लागू आहे. त्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या ठेव्याची सूचना जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने दगडी मूर्ती व शिल्पे बाळगणाऱ्यास नोंदणीचे बंधन आहे. हे कायदे गावात कोणी समजावून सांगत नाही. प्रत्येक विहाराने एक साधी वही ठेवावी: कोणाच्या शेतात, कोणत्या दिवशी, किती खोलीवर काय सापडले, सोबत छायाचित्र, आणि सापडवणाऱ्याचे पूर्ण नाव. वस्तू जागची हलवू नये, धुऊ नये, तिला शेंदूर वा रंग लावू नये, आणि विहारात आणून बसवूही नये. वहीची एक प्रत तलाठ्याकडे व एक नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाकडे पाठवून पोच घ्यावी.