ओल्ड मॅन लोगन : पन्नास वर्षं पंजे न उघडणारा वुल्वरीन शेवटी सूड का घेतो?

वुल्वरीनच्या फॅन पेजेसवर कॉमिकमधलं एक चित्र कायम फिरत असतं. पिकलेल्या केसांचा, सुरकुतलेला लोगन आणि मोठ्या अक्षरांतला 'स्निक्ट' हा पंजे बाहेर येण्याचा आवाज. खाली कमेंट ठरलेल्या, 'आता एकेकाची वाट लागणार'.

वाट लागते हे खरंच. पण ते चित्र जिथून आलंय, ते 'ओल्ड मॅन लोगन' नुसत्या मारामारीचं कॉमिक नाही. बायकापोरं गमावलेल्या बापाची ही गोष्ट आहे, आणि तिच्यात सूड येतो तो अगदी शेवटी. तोपर्यंत लोगनकडे गमावण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

(पुढे गोष्टीचा शेवटही सांगितला आहे. कॉमिक वाचायचं असेल तर आधी वाचून मग इकडे या.)

कॉमिक कोणाचं, कधीचं?

स्कॉटलंडचा लेखक मार्क मिलर आणि कॅनडाचा चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन. मार्व्हलचं गाजलेलं 'सिव्हिल वॉर' याच जोडीचं. त्यानंतर २००८ आणि २००९ या काळात 'वुल्वरीन' मासिकाच्या ६६ ते ७२ या अंकांत 'ओल्ड मॅन लोगन' क्रमशः आलं. शेवटचा भाग वेगळा जाडजूड अंक म्हणून निघाला. म्हणजे एकूण आठ भाग. नंतर ते एकत्र पुस्तकरूपात आले.

मार्व्हलच्या नेहमीच्या गोष्टींशी याचा थेट संबंध नाही. हे वेगळं विश्व आहे. मार्व्हलच्या हिशोबात त्याचा नंबर अर्थ-८०७१२८.

जग उद्ध्वस्त झालं कसं?

सुपरहिरोंच्या गोष्टींत एक नियम न सांगता पाळला जातो. व्हिलन एकमेकांशी भांडत राहतात, म्हणून हिरो जिंकतात. मिलरने हा नियमच मोडला. सगळे व्हिलन एकत्र आले आणि एका रात्रीत त्यांनी जवळपास सगळे हिरो संपवले.

या रात्रीनंतर ५० वर्षांनी गोष्ट सुरू होते. अमेरिकेचे तुकडे करून व्हिलननी ते वाटून घेतलेत. रेड स्कल राष्ट्राध्यक्ष झालाय आणि मेलेल्या कॅप्टन अमेरिकाचाच पोशाख अंगावर घालून बसतोय. कॅलिफोर्नियाचा भाग हल्कच्या कुटुंबाकडे आहे. ब्रूस बॅनर आणि त्याची आतेबहीण शी-हल्क यांच्यापासून वाढलेली ही टोळी माणसं खाते आणि गरीब शेतकऱ्यांकडून जमिनीचं भाडं उकळते.

कॉमिकमधला हॉरर भुताखेतांचा नाही. ज्यांच्यावर लहानपणी भरवसा ठेवला, त्या हिरोंचे सांगाडे रस्त्याकडेला पडलेत आणि त्यातलाच एक जण आता माणसं खातोय, भीती या गोष्टीची आहे.

लोगन काय करतोय?

शेती. सॅक्रॅमेंटोजवळ बायको मॉरीन, मुलगा स्कॉटी आणि मुलगी जेड यांच्यासोबत तो राहतो. भाडं थकलंय. हल्कची नातवंडं येऊन त्याला पोरांसमोर तुडवतात, तरी तो हात उचलत नाही. ५० वर्षांत त्याने एकदाही पंजे बाहेर काढलेले नाहीत.

अशात जुना मित्र हॉकआय येतो. डोळे जवळपास गेलेत, पण गाडी चालवायची खुमखुमी कायम आहे. एक गुप्त पार्सल देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यू बॅबिलॉनला पोचवायचंय आणि रस्ता सांगायला सोबत हवीय. पैशांसाठी लोगन तयार होतो. गाडी कोणती, तर स्पायडर-मॅनची जुनी बग्गी.

पुढचा बराच भाग या प्रवासाचा आहे. वाटेत शहरंच्या शहरं गिळणारे जमिनीखालचे मोलॉइड येतात, व्हेनम अंगात शिरलेला डायनोसॉरही येतो. हॉकआय आपल्या मुलीला, म्हणजे स्पायडर-मॅनच्या नातीला, किंगपिनच्या कैदेतून सोडवायला जातो. ती सुटते, किंगपिनला मारते आणि त्याच्या जागी स्वतः बसायला बघते. या जगात पुढच्या पिढीलाही हिरो व्हायचं नाही.

त्याने पंजे का सोडले?

संपूर्ण कॉमिकची किल्ली या प्रश्नात आहे. उत्तर लोगन प्रवासात हॉकआयला सांगतो.

त्या रात्री एक्स-मेनच्या हवेलीवर व्हिलनचा हल्ला झाला. लोगन एकटा सगळ्यांना भिडला आणि एकेकाला कापत गेला. शेवटचा पडला, धूर विरला आणि समोर दिसले ते त्याचेच साथीदार. मिस्टेरिओने भ्रम निर्माण केला होता. व्हिलन समजून लोगनने आपल्याच घरच्यांना मारलं होतं. शेवटी ज्याला मारलं तो बुल्सआय वाटला होता. ती निघाली ज्युबिली, त्याला लेकीसारखी असलेली पोर.

लोगनने रेल्वेच्या रुळांवर डोकं ठेवलं. पण त्याच्या जखमा आपोआप भरतात, त्यामुळे मरणही येईना. वुल्वरीन मात्र त्या दिवशी मेला, असं तो मानतो. म्हणून त्याचं गप्प राहणं हा भित्रेपणा नाही, तो प्रायश्चित्त घेतोय.

मग सूड कधी?

पार्सलमध्ये सुपर-सोल्जर सीरम असतं. त्यातून नवे हिरो घडवायचं हॉकआयचं स्वप्न असतं. पण पार्सल घ्यायला आलेले लोक रेड स्कलचे निघतात आणि हॉकआयला तिथेच गोळ्या घालतात. लोगन रेड स्कलला संपवतो, पण कॅप्टन अमेरिकाच्या ढालीने. पंजे तेव्हाही बंदच.

पैशांची बॅग घेऊन तो घरी पोचतो, तर मॉरीन आणि दोन्ही पोरांना हल्कच्या टोळीने मारलेलं असतं. शेजारी सांगतो ते ऐकून लोगन मान वर करतो. व्हायरल होणारं 'स्निक्ट' हे इथलं.

टोळीला संपवून तो बॅनरसमोर उभा राहतो. भाडं हे निमित्त होतं, नुसता जमीनदार बनून राहण्याचा कंटाळा आला होता आणि लोगनशी एकदा खरी लढाई हवी होती, असं बॅनर सांगतो. म्हणजे तीन जिवांची किंमत कोणाच्या तरी विरंगुळ्याइतकीच. बॅनर लोगनला गिळतो आणि लोगन त्याचं पोट फाडून बाहेर येतो.

यात कॉमिकवेड्यांसाठी एक गंमत आहे. वुल्वरीन पहिल्यांदा छापून आला तो १९७४ मध्ये, हल्कच्याच मासिकात आणि हल्कशीच भिडायला. मिलरने त्याला पुन्हा तिथेच नेऊन उभं केलं.

सूड पूर्ण झाला. पुढे?

सगळे मेल्यावर एक जण उरतो, हल्कचं तान्हं बाळ. सुडाचा हिशोब काटेकोर लावला तर तेही मरायला हवं. लोगन त्याला मारत नाही. तो बाळाला पाठीवर बांधतो, घोड्यावर बसतो आणि उरलेल्या व्हिलनशी लढायला निघतो. ज्या टोळीने त्याचं बापपण हिरावलं, तिच्याच पोराचा तो बाप होतो. क्लिपमध्ये 'स्निक्ट' दिसतं, हे पान सहसा दिसत नाही.

टीका कशावर?

मॉरीन आणि पोरांच्या वाट्याला फार कमी पानं येतात. हिरोला पेटवायला त्याच्या घरातल्या बाईला मारायचं, ही कॉमिक्समधली जुनी सवय आहे. लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये अशा पात्रांची यादीच इंटरनेटवर टाकली होती. 'ओल्ड मॅन लोगन'लाही हा आक्षेप लागू पडतो. मॉरीन माणूस म्हणून कशी होती, हे वाचकाला शेवटपर्यंत नीट कळत नाही.

'लोगन' सिनेमा यावरच का?

अंशतः. जेम्स मॅनगोल्डचा ह्यू जॅकमन असलेला २०१७ चा 'लोगन' या कॉमिकवरून सुचला, पण गोष्ट वेगळी आहे. एक्स-मेनचे चित्रपट हक्क तेव्हा फॉक्सकडे होते, हल्क आणि हॉकआय तिथे नव्हते. सिनेमाने म्हातारा, थकलेला लोगन, लांबचा प्रवास आणि बापपण एवढंच उचललं. त्याच्या पटकथेला ऑस्कर नामांकनही मिळालं.

वाचायचं कुठून?

आधी मूळ आठ भाग. मार्व्हलची तोंडओळख असेल तर एवढं पुरे. आवडलं तर हॉकआयची आधीची गोष्ट सांगणारं 'ओल्ड मॅन हॉकआय' (२०१८). हाच म्हातारा लोगन नेहमीच्या मार्व्हल विश्वात येतो ती जेफ लमीरने २०१६ मध्ये सुरू केलेली मालिका आणि शेवटी 'डेड मॅन लोगन'. रक्तपात भरपूर आहे, त्यामुळे घरातल्या लहान मुलांच्या हातात हे देऊ नका.