येजितखत ते आत्मपरीक्षण: भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील कबुलीची रीत

स्वतःचा दोष स्वतःच्या तोंडाने सांगणे हा बारा मावळांतील न्यायव्यवस्थेचा एक ठरलेला टप्पा होता. आजच्या भोर तालुक्यातील रोहिडखोरे आणि हिरडस मावळ, तसेच वेल्ह्याकडील (आताचा राजगड तालुका) गुंजण मावळ आणि कानदखोरे या भागांत सतराव्या शतकात देशमुख-देशपांड्यांची वतने होती. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे आणि उत्रवळीचे खोपडे, हिरडस मावळात बांदल अशी घराणी नांदत होती. वतनाच्या हक्कावरून भाऊबंदांत आणि शेजाऱ्यांत तंटे होत, आणि ते गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे येत.

निवाड्याला बसण्यापूर्वी दोन्ही पक्ष राजीनामा लिहून देत. निकाल होईल तो मान्य करू, असे त्या कागदाने ते बांधून घेत. मग तकरीर, म्हणजे आपापली बाजू, आणि साक्षी होत. निवाड्याच्या महजरावर, म्हणजे सभेच्या लेखावर, पाटील नांगराची निशाणी करी, सुतार पटाशीची, न्हावी आरशाची. साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही तर दिव्य, म्हणजे दैवी कसोटी, करण्याची पाळी येई. रवा दिव्यात कढत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. नंतर हातावर पिशवी बांधून ती मोहोरबंद करत. काही दिवसांनी पंचांसमक्ष ती सोडून हात पाहिला जाई. हात निर्मळ असेल तो ‘खरा’, भाजला असेल तो ‘खोटा’.

जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे. हरणाऱ्याला मात्र येजितखत लिहून द्यावे लागे: आपण खोटे झालो, या वतनाशी आपला संबंध नाही, पुन्हा कथळा केल्यास दिवाणचे गुन्हेगार. जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरी, तर हरणारा ‘गुन्हेगारी’. येजितखताचे महत्त्व दंडापेक्षा मोठे होते. हरलेल्या घराण्याला त्याच गोतात, त्याच शिवारात पिढ्यान्‌पिढ्या राहायचे असे. त्याने स्वतःच्या नावाने दिलेली कबुली पुढच्या पिढीने तो वाद पुन्हा काढू नये यासाठी असे.

आचारातील दोषांसाठी वेगळी वाट होती. जातीचा किंवा धर्माचा नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकत. त्याने दोष मान्य केला की देवदंड, गोतदंड आणि प्रायश्चित्त होई. शेवटी त्याच्यासह गोताची पंगत बसे आणि तो ‘गोतात’ परत येई. चूक पदरात घेणे हे माणूस परत मिळवण्याचे साधन होते.

दोष देणारे शब्द आणि दोष घेणारे शब्द वेगळे होते. रांझ्याचा पाटील बाबाजी गुजर याच्या अपराधाला शिवाजी महाराजांच्या 1646च्या पत्रात ‘बदअमल’ म्हटले आहे. हा राज्यकर्त्याचा शब्द. अपराधी स्वतःबद्दल बोले तेव्हा ‘तकसीर’, ‘अन्याय’, ‘खोटा जालो’ असे शब्द येत. देवळात कान धरणे, नाक घासणे, गालांत मारून घेणे ही त्याच कबुलीची देहबोली होती.

मनातल्या दोषाला शब्द दिले ते संतांनी. भोरहून महाडकडे जाणाऱ्या वरंध घाटाच्या पायथ्याशी शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध तेथे रचला, अशी परंपरा सांगते. या ग्रंथात बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशा पायऱ्या मांडल्या आहेत. त्यांतील मुमुक्षू आपले अवगुण आठवतो आणि स्वतःच ते बोलून दाखवतो. या पश्चात्तापाचे नाव ‘अनुताप’. गोतसभेपुढची कबुली तंटा मिटवी. अनुताप माणसाला पुढच्या पायरीवर नेई.

जिथे गोतसभेचा इलाज चालत नव्हता, असा प्रसंग शंकराजी नारायण सचिवांवर आला. राजाराम महाराजांच्या काळात त्यांनी या मुलखातील किल्ल्यांसाठी झुंज दिली आणि भोरच्या सचिव घराण्याचा पाया घातला. ताराबाईंशी ते शपथेने बांधलेले होते. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी शंकराजींना बोलावणे धाडले. शपथ मोडावी तर दोष, छत्रपतींना विरोध करावा तरी दोष. त्याच वर्षी भोरजवळच्या आंबवड्याला त्यांनी देह ठेवला. त्यांनी जलसमाधी घेतली किंवा हिरकणी गिळली, अशा दोन्ही कथा सांगितल्या जातात. शाहू महाराजांनी सचिवपद त्यांच्या लहान मुलाकडे, नारो शंकर यांच्याकडे, कायम ठेवले. या कथांप्रमाणे शंकराजींनी स्वतःला दिलेली शिक्षा कोणत्याही गोताने मागितलेली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात नव्या धर्तीची न्यायालये आली. निकाल न्यायाधीश देऊ लागला आणि हरणाऱ्याच्या कबुलीची गरज उरली नाही. ‘कबुलीजबाब’ हा आरोपीविरुद्धचा पुरावा झाला, तर ‘राजीनामा’ म्हणजे पद सोडण्याचा कागद. भोर संस्थान 1948 मध्ये विलीन झाले. आज दोष स्वतःकडे घेण्यासाठी आत्मपरीक्षण, आत्मचिंतन, आत्मटीका असे संस्कृत घडणीचे शब्द रूढ आहेत. त्यांत अनुतापाचा वारसा टिकला आहे. साक्षीदारांपुढे कबुली लिहून देण्याची रीत मात्र येजितखताबरोबर संपली.